परत ओतलेलं पाणी

बाई वारल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा सुपातली तूर तशीच ठेवून मी आधी चष्मा शोधला. फोटो म्हातारपणीचा होता. केस पांढरेशुभ्र, पण हनुवटी वर करून बघायची खोड तीच. खाली लिहिलं होतं की पिक्चर काढणाऱ्या पहिल्यावहिल्या बायकांतल्या त्या एक, कॅमेरा हे बायकांचं काम नव्हे म्हणणाऱ्यांना त्यांनी गप्प केलं, आणि दुष्काळावरच्या त्यांच्या पहिल्या पिक्चरात सगळ्या जातींच्या बाया एका आडावर पाणी शेंदताना बघून लोक हेलावले. हेलावले असतील बापडे. त्या पिक्चरात दोर ओढणारी म्हातारी माझी सासू, आणि तिच्यामागं घागर धरून उभी आहे ती मी. पुढं काय झालं ते पेपरवाल्यांना ठाऊक नाही. विचारायला कोण येतंय? म्हणून मीच सांगते.

आमचं गाव उमरग्याकडं, मुरूमच्या बाजूचं, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलणारं. तो मोठा दुष्काळ. पाऊस लागोपाठ चुकलेला. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, तिथं खायला मिळालेली सुकडी घरी आणायचा. मिलोच्या, म्हणजे त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन खाऊन जीव विटला होता. आमच्या बौद्ध वस्तीची विहीर दिवाळीतच आटली. गावातल्या आडाला तेवढा बारीकसा झरा होता. त्या आडाच्या कट्ट्यावर चढायची आम्हाला सोय नव्हती. कट्ट्याखाली घागरी मांडून बसायचं. वरच्या एखाद्या बाईचं भरून झालं आणि तिच्या मनात आलं, तर ती वरूनच आमच्या घागरीत पोहरा रिकामा करायची. मनात नाही आलं तर ऊन डोक्यावर घेऊन तसंच बसायचं.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायची. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं घरातले देव ओढ्यात सोडले होते, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. पण कट्ट्याखालचं बसणं काही सुटलं नव्हतं. आत्याबाई करारी. कुणापुढं हात पसरायचा म्हणजे त्यांच्या अंगावर काटा यायचा, आणि इथं तर रोज पसरावा लागे. घरी येताना त्या एकच म्हणायच्या, "मरायच्या आधी त्या आडाचं पाणी माझ्या हातानं शेंदीन." मी म्हणायची, शेंदाल हो. दुसरं काय म्हणणार?

अशात बाईंची जीप आली. पँट घातलेली, आखूड केसांची बाई गावानं पहिल्यांदाच पाहिली. सोसायटीचे चेअरमन हार घेऊन पुढं झाले आणि तो त्यांनी खुशाल कॅमेरा धरणाऱ्या गड्याच्या गळ्यात घातला. बाईंना म्हणाले, चहाचं तेवढं तुम्ही बघता का, साहेब दमले असतील. बाईंनी हसून हार त्या गड्याच्या गळ्यातून काढला आणि कॅमेऱ्याच्या तिवईला अडकवला. म्हणाल्या, साहेब मीच आहे. त्या दिवसापासून आख्खं गाव त्यांना बाईसाहेब म्हणायला लागलं, आणि मागं काय काय म्हणायला लागलं ते न सांगितलेलं बरं.

त्या आमच्याही वस्तीत आल्या. आत्याबाईंच्या चुलीपुढं बसून मिलोची भाकरी त्यांनी चटणीशी खाल्ली, नाक न मुरडता. खाताना स्वतःचं सांगत होत्या. कितीतरी वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून त्यांनी दुसऱ्यांच्या पिक्चरच्या फिती कापल्या आणि जोडल्या. वडील म्हणायचे, चांगल्या घरच्या मुली पिक्चरात उभ्या राहत नाहीत. यांचं उत्तर, मी उभी राहणार नाही, दुसऱ्यांना उभं करणार. पण कॅमेरा कुणी हातात देईना. हे सरकारी काम मिळालं ते एवढ्यासाठी, की दुष्काळातल्या उन्हात यायला दुसरा कुणी तयार नव्हता. हे फसलं तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, असं त्या म्हणाल्या. आत्याबाईंनी त्यांच्या ताटात न विचारता अजून अर्धी भाकरी वाढली. दारात उभं न करणं त्यांना समजत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला कट्ट्याखाली बसलेलं पाहिलं. चेअरमनना विचारलं, या खाली का? चेअरमन म्हणाले, त्यांना तिथंच बरं वाटतं, पहिल्यापासूनची रीत आहे. बाईंचं डोकं फिरलं. या बाया वर येऊन पाणी शेंदणार असतील तरच पिक्चर, नाहीतर मी सामान आवरते. आता चेअरमन म्हणजे लई हिशोबी माणूस. सोसायटीची पाण्याची योजना वर अडकलेली होती. पिक्चर मुंबईला मोठे लोक बघणार, त्यात गावाचं नाव येणार. संध्याकाळी चावडीवर खल झाला आणि वस्तीत निरोप आला, की उद्या सगळ्या बायांनी आडावर यायचं. पिक्चरपुरतं.

नवरा म्हणाला, जाऊ नका, आपलं हसं होईल, वर मार बसेल. मलाही भ्या वाटत होतं. आत्याबाई घागर घासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पिक्चरपुरतं तर पिक्चरपुरतं. दोर तर खरा हाय न्हवं?"

सकाळी काय थाट. फोटो काढायचा म्हणल्यावर माणूस चांगलं नेसतं, का चिंध्या घालून उभं राहतं? आम्ही सगळ्या लग्नातली लुगडी नेसून गेलो, आत्याबाईंनी हिरवं नेसलं. वरच्या बाया तर ठुशीपुतळ्या घालून आलेल्या. बाईंनी कपाळाला हात लावला. हा दुष्काळ आहे का वरात, म्हणाल्या, आणि सगळ्यांना घरी पिटाळलं. सगळ्या जुनेर नेसून आल्या, पण आत्याबाईंनी काही हिरवं सोडलं नाही. पिक्चर काळापांढरा, त्यात हिरवं कुठलं दिसायला. पण मला ठाऊक आहे.

आत्याबाई कट्ट्यावर चढल्या. पायरीवर क्षणभर थांबल्या, पाय पदरानं पुसला आणि मग टेकवला. रहाट करकरला, पोहरा खाली गेला, भरून वर आला. त्यांनी घागरीत पाणी ओतलं, आणि नेमकं तेव्हा मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. बाई म्हणाल्या, तिकडं बघायचं नाही, पुन्हा एकदा घेऊ. रिटेक हा शब्द गावाला त्या दिवशी कळला. पुन्हा म्हणजे घागर पुन्हा रिकामी पाहिजे. आत्याबाईंनी विचारलं, हे पाणी कुठं टाकू? बाई कॅमेऱ्यातून बघत होत्या. सहज म्हणाल्या, "आडातच ओता की. दुष्काळाचं पाणी वाया कशाला घालवता?"

आडावरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आमच्या घागरीतलं पाणी परत आडात! बाईंच्या ध्यानातही आलं नाही, काय बोलून गेल्या ते. त्या बिचाऱ्या पाणी वाचवत होत्या. आत्याबाईंनी चेअरमनकडं बघितलं. चेअरमनचा चेहरा पडलेला, पण कॅमेऱ्यापुढं बोलणार काय? त्यांनी नुसता हात हलवला, माशी हाकलावी तसा. मग आत्याबाईंनी घागर उचलली आणि काठावरून हळूहळू ओतली. खाली पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा दोर रहाटावरून घसरला, म्हणून पुन्हा ओतलं. मग माझीही घागर ओतली. शेवटच्या खेपेला बाई म्हणाल्या, झालं, आता हे घरी न्या. आत्याबाईंनी त्या घागरीला वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. त्या दिवशी त्या रस्त्यानं ताठ चालत होत्या.

दुपारी जीप उमरग्याकडं गेली आणि तिची धूळ खाली बसायच्या आत आडाभोवती माणसं जमली. शेंदलं ते एकवेळ खपलं असतं, पण ओतलं ते कसं खपणार, असं जुनी माणसं म्हणू लागली. आड उपसून टाकायचा, गोमूत्र शिंपडायचं, सकाळपर्यंत झरा नवं पाणी देईल. चेअरमननी अडवलं नाही. इंजन आणलं आणि लावलं. त्या दुष्काळात, माणसं घोटाघोटाला महाग असताना, ते पाणी गल्लीतून वाहत गेलं आणि मातीत जिरलं. कुत्री चाटत होती. आम्ही चिंचेखाली उभ्या राहून बघत होतो आणि मला इतका राग आला होता की रडूही येईना. तुमचं पाणी आम्ही बाटवलं नाही रे, तुम्हीच तुमच्या हातानं सांडलं.

सकाळी आडात चिखल होता. झऱ्यानं दगा दिला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टँकर यायचा तोही आला नाही. गडीमाणसं गाड्या जुंपून लांबच्या मळ्यांकडं पाण्याला गेली. आदल्या दिवशी भरलेल्या घागरी वरच्यांनी बाटल्या म्हणून ओतून दिल्या होत्या. आख्ख्या गावात त्या आडाचं पाणी उरलं होतं ते फक्त आमच्या वस्तीत, आम्ही शेंदून आणलेल्या घागरींत.

तिसऱ्या प्रहरी आमच्या दारात चेअरमनची बायको उभी. गाव त्यांना अक्का म्हणायचं. आयुष्यात कधी वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं त्यांनी. हातात तांब्या, पायात वहाण नाही. त्यांची सून बाळंतीण होती, तापानं फणफणली होती, सकाळपासून तोंडाला पाणी लागलं नव्हतं. गाड्या दिवस मावळल्याशिवाय येणार नव्हत्या. एवढं सांगून अक्कांनी तांब्या उंबऱ्यापाशी ठेवला आणि त्या मागं सरकून उभ्या राहिल्या. आम्हाला मान द्यायला, का आमचा हात टाळायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मला वाटलं, हाकलून द्यावं. खरं सांगते, आजही तसंच वाटतं. आत्याबाई जागच्या उठल्या नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी घागरीवरचं झाकण सरकवलं.

"माझ्या हातचं चालंल का?"

अक्का खाली बघत राहिल्या.

"मग तुमच्या हातानं घ्या," आत्याबाई म्हणाल्या. "या. आत या."

अक्का आत आल्या, वाकल्या. तांब्या आमच्या घागरीत बुडवला, हातातल्या बांगड्यांसकट मनगट भिजलं. आत्याबाई म्हणाल्या, "पुरता भरा. बाळंतिणीला कमी पडू नये." अक्का गेल्यावर मी भांडले. म्हणलं, निदान एकदा तरी त्यांना दारात ताटकळत ठेवायचं. आत्याबाई म्हणाल्या, ताटकळणं काय असतं ते मला म्हाईत हाय, पोरी. आणि घागर झाकून आडव्या झाल्या.

सून वाचली. पुढच्या साली पाऊस झाला, आड भरला आणि आम्ही पुन्हा कट्ट्याखाली. अक्का त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त आडावर दुसरं कुणी नसलं की त्या पोहरा आणि दोर तिथंच सोडायच्या आणि पाठ फिरवून पदर सारखा करत बसायच्या. तेवढ्यात आत्याबाई वर चढून आपली घागर शेंदून घ्यायच्या. आत्याबाई वारेपर्यंत अक्कांना पदर सारखा करायला लई वेळ लागायचा.

पिक्चर आला तो आत्याबाई असतानाच, सरकारी गाडीतून, शाळेपुढं पडदा लावून दाखवला. चेअरमन पुढच्या खुर्चीत. पडद्यावर आत्याबाईंनी पोहरा ओढला तेव्हा गावानं टाळ्या वाजवल्या. आड उपसणाऱ्यांनीच वाजवल्या! आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ओततानाचं न्हाय दावलं गं." बाईंना मात्र त्या पिक्चरनं वाट दिली. मोठे पिक्चर झाले, परदेशात मान मिळाले, टीव्हीवर मुलाखती आल्या. मुलींना कॅमेरा शिकवायला लागल्या. मला बरं वाटायचं, आणि त्या आडाची गोष्ट त्या दरवेळी सांगायला लागल्या की मी उठून टीव्ही बंद करायची.

मी अंगणवाडीत लागले त्यानंतर उमरग्याला बायकांचा मेळावा झाला. पाहुण्या म्हणून आल्या त्या याच बाई. मी स्टेजमागच्या खोलीत शिरले. आत्याबाईंचं नाव घेताच त्यांनी माझा हात धरला, कुठं आहेत म्हणून विचारलं. गेल्या म्हणून सांगितलं, आणि मग सगळंच सांगितलं. आड उपसला ते ऐकून बाई खुर्चीत बसल्या. "मी पाणी वाचवायला म्हणून ओतायला सांगितलं गं," एवढंच म्हणाल्या. मी म्हणलं, ठाऊक आहे. मग अक्कांचं सांगितलं. उंबरा, तांब्या, पाण्यात बुडालेल्या बांगड्या. बाईंची हनुवटी वर झाली, डोळे लांब कुठंतरी लागले.

"अरेरे," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी तिथं असायला हवं होतं. कॅमेरा घेऊन."

"तुम्ही असता तर अक्का आल्या नसत्या, बाई."

बाहेर माईकवर त्यांचं नाव पुकारलं. थोड्या वेळानं पुन्हा पुकारलं. बाई उठल्या नाहीत.