खालच्या रांगेतले उंदीर

वाघोलीच्या फार्मसी कॉलेजात आमच्या उंदरांचं दाणापाणी एक मामा बघायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. दार लावण्याआधी ते पिंजऱ्यावर नखाने हलकेच टकटक करत. "आधी सांगितलं की कमी दचकत्यात," म्हणायचे. मोठ्या आवाजाआधी हलका आवाज दिला की दचकणं कमी होतं, हेच आम्ही यंत्र लावून शिकत होतो. मेंदूतलं डोपामिन अडवणारं, मानसिक आजारावर देतात ते औषध मी खालच्या रांगेतल्या उंदरांना टोचायचे आणि आवाजाला ते किती उडतात ते मोजायचे.

एका दुपारी कपाटावरून स्टीलचा ट्रे धाडकन खाली आदळला. मी किंचाळले. वरच्या रांगेतले, औषध न टोचलेले उंदीर ताडकन उडाले. खालच्यांचे फक्त कान हलले. मामा पाण्याच्या बाटल्या भरत होते. त्यांची पापणीही लवली नाही.

"मामा, ऐकू नाही आलं?"

"आलं की. त्यास्नीबी येतं. दचकायचं तेवढं राहून जातं."

त्यांनी खिशातून गोळ्यांची स्ट्रिप काढून दाखवली. तिच्यावर माझ्याच औषधाचं नाव होतं. मग त्यांनी टेबलावर नखाने हलकेच टकटक केली.

"बायको गेल्याचा फोन आला, म्याडम," ते म्हणाले, "तवाबी नीट ऐकू आलं."