कोर्ट-वकील सहकार्य कमिटी आणि जनाक्काची वाट

काळा कोट अंगावर चढला की पहिली दोन वर्षं माणूस कायदा शिकतो. त्यानंतर नुसते किस्से साठत जातात. माझ्याकडे इतके साठलेत की बाररूममध्ये एक काढला की चार मागे लागतात. ऐकणारे पोट धरून हसतात. माझं मात्र सांगता सांगता अजून डोकं तापतं. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, पण मधे बोलू नका!

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. धुळ्याला नवे सबजज्ज आले. माणूस सज्जन, बोलणं मिठ्ठास. आल्या आल्या म्हणाले, "कोर्ट आणि वकील यांनी मिळून कारभार सुधारायचा." झाली कमिटी! साहेब अध्यक्ष, आमच्या बारचे ज्येष्ठ वकील नाना उपाध्यक्ष, कोर्टाची कचेरी सांभाळणारे शिरस्तेदार आबा हे चिटणीस, आणि तरुण म्हणून मी.

पहिल्याच मीटिंगला साहेब म्हणाले, "कोर्ट आणि वकील ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत!" टाळ्या पडल्या. नाना पानाला चुना लावत हळूच म्हणाले, "आणि बैल कोण?"

आबांनी तेवढं वाक्य प्रोसीडिंगात घेतलं नाही.

*

तेव्हा माझ्याकडे जनाक्काचा दावा होता. शिरपूरच्याही पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याची विधवा बाई. शेजाऱ्यानं तिच्या शेताच्या गाडीवाटेवर काटेरी कुंपण घातलं होतं. दुसरी वाटच नाही. बैल आत जाईनात, एक हंगाम पडीक गेला. मागणी एवढीच, की पेरणीच्या आत वाट मोकळी करून द्या. दुसरं वर्षही पडीक गेलं तर तिच्या घरात खायला दाणा राहणार नव्हता.

प्रत्येक तारखेला बाई आदल्या दिवशी घर सोडायची. शिरपूरपर्यंत पायी, तिथून मोटार.

आणि आमचं कोर्ट? अकराचं कोर्ट साडेबाराला भरायचं. आबांची पद्धत अशी, की साहेबांचा टांगा फाटकात शिरला की घड्याळाचा काटा अकरावर आणायचा. रोज! कमिटीनं यावर ठराव केला, की घड्याळ स्टेशनच्या टायमाशी लावायचं आणि सगळ्यांनी वेळेवर यायचं. पहिल्या दिवशी खऱ्या अकराला मी धापा टाकत पोचलो. साहेब नाहीत, नाना नाहीत, आबासुद्धा नाहीत!

पायरीवर ताटकळलेल्या पक्षकारांकडे हात करून जनाक्का तिच्या अहिराणीत म्हणाली, "आम्ही बठ्ठा तं सकाळपासून आठेच शेतस, भाऊ."

तिसऱ्या दिवशी आबांनी काटा पुन्हा हातात घेतला.

*

दुसरा ठराव पक्षकारांना सावली देण्याचा. खान्देशचं ऊन, माणसं दिवसभर उघड्यावर. आवारात पत्र्याची शेड उभी राहिली, 'फक्त पक्षकारांसाठी' अशी पाटी लागली. साहेबांनी छोटं भाषणही केलं.

आठवडाभरात शेडीत साहेबांचा टांगा. मग नानांची सायकल. मग आबांची जुनी दप्तरं. आणि टांगा सावलीत म्हटल्यावर घोडा उन्हात कसा ठेवणार? पक्षकार फाटकाबाहेर, निंबाखाली!

एक म्हातारा बराच वेळ शेडीकडे बघत होता. मग आबांना अगदी अदबीनं म्हणाला, "आबा, ह्या घोडाना वकील कोन शे?"

आबांनी त्याला हाकलून दिलं. घोडा तिथंच राहिला.

*

तिसरा ठराव मात्र तंतोतंत पाळला गेला, कारण तो आमच्या सोयीचा होता. एका वकिलाची अडचण असली तर दुसऱ्यानं हरकत घ्यायची नाही आणि साहेबांनी कारण विचारायचं नाही. याचं नाव सहकार्य!

जनाक्काविरुद्धचे वकील जळगावचे. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांनी पुढची तारीख मागितली, मी मान डोलावली, साहेबांनी दिली. लग्नात आम्ही तिघं एकाच पंगतीला. तिकडे जनाक्का धुळ्याला आली आणि सगळे लग्नाला गेलेत एवढं ऐकून परत गेली. तिला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा! लाज वाटते सांगायला.

पुढच्या खेपेला तिनं साधेपणानं विचारलं, "लगीन झकास झायं ना, भाऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

मग आला पुकाऱ्याचा ठराव. बेलिफ पक्षकारांची नावं घेऊन ओरडतो, साहेबांना त्रास होतो. नानांची बाररूममधली डुलकी मोडते. म्हणून यापुढे पुकारा व्हरांड्यातच आणि हळू आवाजात. मी विचारलं, "मग फाटकाबाहेर ऐकू कसं जाणार?" त्यावर हजेरीची वही काढायचं ठरलं. आलेल्या पक्षकारानं सकाळीच अंगठा उठवायचा. मला पटलं. मीही हात वर केला!

रोहिणी नक्षत्र लागायला आलं होतं, पेरणी तोंडावर. निकालाची शेवटची संधी. त्या दिवशी वहीत पहिला अंगठा जनाक्काचा. आणि साहेबांनी मला काय काम द्यावं? कमिटीचा वार्षिक अहवाल लिहायचं! मी बाररूममध्ये "पक्षकारांची गैरसोय पूर्णपणे दूर झाली" हे वाक्य लिहीत होतो, तेव्हा व्हरांड्यात तीनदा कुजबुज झाली. वादी गैरहजर, वादीचे वकील गैरहजर. दावा काढून टाकला!

मी वही घेऊन धावलो. "साहेब, बाई फाटकाशी बसलीय. हा बघा अंगठा! आणि मला तर तुम्हीच लिहायला बसवलंत!"

साहेबांनी वही नीट पाहिली, मिटली आणि म्हणाले, "ही वही कमिटीची आहे. कोर्टाची नाही."

दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज दिला. तारीख मिळाली पोळ्यानंतरची, म्हणजे पेरणी उलटून गेल्यावरची. मी फाटकाशी जाऊन सांगितलं तेव्हा जनाक्कानं भाकरीचं फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि निघाली.

*

महिन्याभरानं तिचं नाव पुन्हा आमच्या आवारात निघालं. यावेळी फौजदारी कोर्टात, आरोपी म्हणून. कुऱ्हाडीनं कुंपण तोडून टाकलं, अशी शेजाऱ्याची फिर्याद.

आणि काय सांगू तुम्हाला! समन्स थेट तिच्या दारात पोचलं. खटला पहिल्याच तारखेला निघाला, तोही बरोब्बर अकराला. पुकारा असा दणदणीत, की निंबाखालची माणसं उठून उभी राहिली. मॅजिस्ट्रेट जागेवर, फिर्यादीचे जळगावचे वकील हजर, मी हजर, नाना आणि आबा मुद्दाम बघायला आलेले.

मी तिला बजावून ठेवलं होतं, "अक्का, काही कबूल करू नका."

मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "बाई, गुन्हा कबूल आहे का?"

जनाक्कानं पदर सारखा केला. आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"कुंपन मीच तोडं, साहेब. पेरनी बी करी टाकी. आते तुम्ही बठ्ठा मिळीसन निवांत ठरावा."