पेशीतला बॉयलर

आई आणि बायको यांच्यामध्ये मी विज्ञान आणलं. ते आजही मला सोसत नाही.

साठ सालानंतर अकोल्याच्या जुन्या शहरात आम्ही तिघं राहत होतो. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो. बायको पाण्याची बादली आणली की ओट्यावर बसून राहायची. पोळ्या लाटता लाटता तिचे हात गळायचे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आई म्हणायची, "कामचोर आहे. माहेरानं लाडावून ठेवली." बायकोचं मागणं एकच होतं: "अवो, मी आळशी नाई, एवढं तुमच्या आईले पटवून द्या."

तेव्हा वर्गात मायटोकाँड्रिया चालू होते. जिवंत पेशींवर रंग सोडून ते बारीक कण मी मुलांना दाखवायचो. अन्नातली साखर आणि श्वासातला प्राणवायू वापरून ते पेशीसाठी ऊर्जा तयार करतात. स्नायूंत, हृदयात त्यांची दाटी असते. ते बिघडले तर माणूस पोटभर जेवूनही थकलेलाच राहील, असं मनात आलं. मनात आलं, एवढंच. तपासायची काही सोय नव्हती.

तरी मी आईला सांगितलं. वडील कापसातून सरकी काढायच्या जिनिंग फॅक्टरीत बॉयलरवर होते, म्हणून तिला कळेल असं सांगितलं. "आई, अंगात कणाकणात बारके बॉयलर असतात. हिचे नीट पेटत नाईत."

"जेवते त बरोबर!"

"वाफच नसली तर कापसाचा ढीग असून जिन चालते का?"

आई म्हणाली, "आधी कावून नाई सांगतलं बापा? म्या उगाच बोलून राहिली तिले."

कामचोर हा शब्द घरातून गेला. पण आईने सुनेचं जिनच बंद धरलं. पाणी, पोळ्या, सगळं तिने आपल्याकडे घेतलं. बायको वाती वळायला बसली तरी हातातून कापूस काढून घ्यायची, "राहू दे माय." उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आमच्या गच्चीवर कुरड्या घालायला जमल्या. बायको जिन्यावरून म्हणाली, "मी मीठ तरी चाखून पाहते." एकीने हळूच सांगितलं, "तू बस वं, तुह्या अंगात वाफ नाई म्हणते सासू."

संध्याकाळी बायको मला म्हणाली, "कामचोर होती तवा भांडायले तरी होती मी या घरात. आता कोनी हाकही मारत नाई. तुमाले खरंच ठाऊक आहे का, मले काय झालं ते?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग हे त्यायले सांगा."

मी गच्चीवर जाऊन आईला सांगितलं, की तो माझा नुसता अंदाज होता. आई कुरड्या उलटत होती. "तिचं मन राखून राहिला तू," ती म्हणाली, आणि सुनेचं ताट तिच्या खाटेपाशी नेऊन द्यायला मायेने खाली उतरली.