करकोच्याने मोडलेला तास

दोब्रिंका आपल्या गावच्या शाळेत सोळा वर्षं स्वयंपाक करत होती आणि पोरं तिला मावशी म्हणत. सूप ढवळता ढवळता ती पलीकडच्या वर्गातले पाढे ऐकायची आणि अडलेल्या पोराला खिडकीतून उत्तर पुरवायची. चाळिशी उलटल्यावर तिने बाहेरून पदवीला नाव घातलं, तेव्हा नवरा त्सान्को म्हणाला, "आता दप्तर घेऊन जाणार का गं? डबा मी भरून देतो!" आणि चार वर्षं प्रत्येक परीक्षेला त्याने खरोखरच डबा पोचवला.

सगळे विषय सुटले. उरला शेवटचा तास: खऱ्या वर्गावर, विद्यापीठाच्या परीक्षक सावोवाबाईंसमोर. जमला तर पदवी आणि शिक्षिकेचा परवाना. फसला तर आणखी एक वर्ष पातेल्यापुढे. दोब्रिंकाने चाळीस मिनिटांचा आराखडा मिनिटामिनिटाने लिहिला होता. कुणी कधी शिंकायचं, तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

मार्चचा तिसरा आठवडा, दुसरीचा वर्ग, तीनचा पाढा. वसंताच्या स्वागताला रिवाजाप्रमाणे एक तारखेला बांधलेला लाल-पांढरा दोरा प्रत्येकाच्या मनगटावर होता, सावोवाबाईंच्याही. अकराव्या मिनिटाला खिडकीपाशी बसलेला कालोयान किंचाळला, "करकोचा!"

विजेच्या खांबावरच्या जुन्या घरट्यात खरंच यंदाचा पहिला करकोचा उतरत होता. तो दिसला की दोरा सोडायचा आणि मोहरलेल्या झाडाला बांधायचा. अठराच्या अठरा पोरं खिडकीला लटकली.

"बसा बघू जागेवर!" दोब्रिंका म्हणाली. कुणी ढिम्म हललं नाही. सावोवाबाई मान खाली घालून भराभर काहीतरी लिहीत होत्या, ते बघून दोब्रिंकाला रडूच येईल असं वाटलं. पण भुकेल्या पोराला थांब म्हणून भागत नाही, हे ती पातेल्यापुढेच शिकली होती. तिने आराखडा टेबलावर पालथा घातला.

"चला पटांगणात! एका फांदीला तीनच दोरे. चौथा दिसला तर सोडायला लावीन."

पटांगणातल्या मोहरलेल्या जर्दाळूच्या झाडाखाली नुसता कल्ला झाला. "तीन फांद्या भरल्या, दोरे किती?"

"नऊ!"

"सहा भरल्या?"

"अठरा! मावशी, तुझा राहिला!"

"हा घ्या, एकोणीस. सातवी फांदी भरायला अजून किती?"

"दोन!"

"एक माझा," म्हणत सावोवाबाईंनी मनगट पुढे केलं. शेवटच्या दोऱ्यासाठी पोरांनी फाटकापाशी डबा घेऊन उभ्या असलेल्या त्सान्कोला ओढत आणलं. "सात त्रिक एकवीस!" अशी ओरडली की करकोचाच दचकला.

"आराखड्याचे पार तीनतेरा वाजवलेत," सावोवाबाई म्हणाल्या, "पण पाढा पक्का झाला. सहापैकी सहा गुण. अभिनंदन, बाई."

दोब्रिंकाने भर पटांगणात एप्रनला हात पुसावेत तसे स्कर्टला हात पुसले आणि ती ढसाढसा रडली, आनंदाने.

कालोयानने तिची बाही ओढली. "बाई," तो पहिल्यांदाच मावशी सोडून म्हणाला, "मग आता सूप कोण करणार?"

सगळ्यांनी त्सान्कोकडे पाहिलं.