क श्रेणीची शाळा

नागपूरहून सौंसरची बस सुटली तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. आदल्या दिवशी रामदासने फोनवर एक फोटो पाठवला होता. मी संत्र्याचा व्यापारी; रामदास हा माझा जुना संत्राबागवाला, आमच्या गावासमोर हायवेपलीकडच्या गावचा. फोटोत त्याच्या गावच्या सरकारी प्राथमिक शाळेची भिंत, भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेला भलामोठा 'अ', आणि त्या अक्षराला चक्क झेंडूचा हार. खाली मजकूर: 'तुमच्या शाळेले क भेटला. पुढच्या सालापासून तुमची शाळा आमच्यात येऊन राहिली. अभिनंदन.'

मी त्याच क मिळालेल्या, आता बंद होऊन पलीकडच्या शाळेला जोडल्या जाणाऱ्या शाळेत शिकलो. गावाचं नाव इथं लिहीत नाही, लिहिलं तर कुणी तरी त्याचीही श्रेणी लावेल. लहानपणी बापाने मला आधी पलीकडच्या त्या अ शाळेतच नेलं होतं. तिथल्या मास्तरांनी मला वर-खाली पाहिलं आणि सांगितलं, "याच्यानं होणार नाही. तुमच्या गावात आहे ना शाळा, तिथं घाला." ते वाक्य मी आजपर्यंत जपून ठेवलं आहे. माणसं सोनं जपतात, मी हे जपलं.

बसमध्ये शेजारी बोरगावच्या कारखान्यात कामाला असलेला एक गृहस्थ होता. सावनेर गेल्यावर त्याने विचारलं, "लग्नाले चालले का, भाऊ?"

"भांडाले चाललो," मी म्हटलं.

"मंग खिडकीशी बसा जी. हवा लागते." आणि त्याने खरोखर जागा बदलून दिली.

सौंसरला उतरलो की आधी तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा) हा माझा नेम. गरम रस्सा बरोबर शर्टावर सांडला. धुवायला वेळ नव्हता. तसाच रिक्षात बसलो आणि आधी गेलो अ शाळेकडे. सौदा करायचा तर समोरच्याचा माल आधी पाहावा.

माल देखणा होता, खोटं कशाला बोलू. फाटकाला रंग, नळाला तोट्या, हात धुण्याच्या जागी 'हात धुवा' असं लिहिलेलं. कुणी हात धूत नव्हतं, पण तपासणीच्या कागदावर नळ विचारतात, हात विचारत नाहीत. हेडमास्तर हसतमुख माणूस. शर्टावरच्या डागामुळे त्यांना मी आचारी वाटलो असावा, पण संत्र्याचा व्यापारी म्हटल्यावर खुर्ची आली. त्यांनी श्रेणी कशी लागते ते समजावलं. जनशिक्षक (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे सर) येतात, पोरांना वाचायला लावतात, गणितं घालतात, हजेरी बघतात, भिंती बघतात. मग बेरीज, आणि बेरजेचं अक्षर.

"आमचे पोट्टे पाहा ना," असं म्हणून त्यांनी मला तिसरीच्या वर्गात नेलं. पुढच्या ओळीतली पोरं उभी राहून घडाघडा वाचू लागली, तीही पुस्तक न उघडता. मागचे बाक रिकामे होते.

"हे मागचे कुठं आहेत?"

"आजकाल कमीच आहेत," हेडमास्तर म्हणाले. "कोणी इकडे गेले, कोणी तिकडे."

मी आयुष्यभर संत्र्यांची कॅरेट (फळांचे क्रेट) उघडत आलो आहे. वरच्या थराला मोठं, केशरी, पुसून ठेवलेलं फळ आणि खाली लिंबाएवढं, हे मला नवीन नाही. पण खालचा थरच नसलेलं कॅरेट मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिथून हायवे ओलांडून आमच्या गावात. 'ओलांडून' हा शब्द लिहायला सोपा आहे. संत्र्याचे, कापसाचे, कोळशाचे ट्रक एकामागून एक येत होते आणि मी, नागपूरच्या बाजारात भल्याभल्यांना दमात घेणारा माणूस, दुभाजकावर बकरीसारखा उभा होतो. पुढच्या सालापासून आमच्या गावची पहिलीतली पोरं हा रस्ता रोज दोनदा पार करणार. श्रेणीच्या कागदावर ट्रकांचा रकाना नसावा.

आमची शाळा आहे तशीच होती. कडुनिंब, कौलं, ओट्यावर चपलांची रांग. मेश्राम मॅडम तिसरीला शिकवत होत्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. इथं मागचे बाकही भरलेले होते. पुढच्या ओळीत एक पोरगी पुस्तकावर बोट ठेवून एकेका अक्षराशी झटत होती. तिच्या शेजारचा पोरगा झटतसुद्धा नव्हता, खिडकीतून बैल पाहत होता.

"मॅडम, कच्चे पोट्टे समोर बसवले का?" मी विचारलं.

"मंग कुठं बसवू जी? हुशार पोट्टे ओट्यावर बसवले तरी शिकते. हे डोळ्यासमोर नसले तर हातचे जाते."

"आणि तपासणीवाले सर कोणाले विचारते?"

"समोरच्याइले." त्या शांतपणे म्हणाल्या. "साऱ्याच शाळांत समोरच्याइलेच विचारते."

म्हणजे क असा आला होता. मी तिथल्या तिथं भडकलो. मॅडमनी मला पाणी दिलं आणि पुढचा धडा चालू केला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. जनशिक्षक डोंगरे सरांना गाठायला मी सौंसरहून पांढुर्ण्याची बस धरली. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मधेमधे पांढरा फुटलेला कापूस, ऊन कोवळं. मला यातलं काही दिसलं नाही, मी मनात सौद्याची तयारी करत होतो. पांढुर्ण्यात सरांचं घर सापडलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते तर जामसांवलीले गेले, रोडगे आहेत कोणाचे तरी." जामसांवलीवरूनच माझी बस आली होती. तेवढाच रस्ता मी उलटा हिंडलो.

मारुतीच्या देवळापाशी शनिवारची ही गर्दी. मागच्या शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) आणि मोठ्या गंजात वांग्याची भाजी. नवस फेडणाऱ्या यजमानाने मी कोण हेही न विचारता पत्रावळ मांडली. डोंगरे सर माझ्याच पंगतीत निघाले. बारीक अंगाचे, चष्म्याचे. मी तुपात रोडगा कुस्करता कुस्करता विषय काढला. शाळा पुन्हा तपासा म्हटलं.

"तसा नियम नाही, भाऊ."

यावर व्यापाऱ्याने उठायचं असतं. चार पावलं चालायची, मग समोरचा हाक मारतो. मी पत्रावळीवरून उठलो, चार पावलं गेलो. हाक आली नाही. डोंगरे सरांनी वाढप्याकडून आणखी वांगं घेतलं. मी परत येऊन बसलो. इतक्या वर्षांच्या धंद्यात हे पहिल्यांदा घडलं.

मग मी सरळ बोललो. कच्ची पोरं पुढं का असतात ते सांगितलं. "मागच्या बाकावर विचारून पाहा ना सर. आमचा चांगला माल मागे आहे."

त्यांनी हातातला रोडगा संपवला. "तसाही बंद करायच्या शाळेवर सोमवारी शेरा द्याचाच आहे. येतो मी. पण मले शिकवू नका."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण सौदा पक्का होईपर्यंत हात सोडवत नाही हा माझा स्वभाव; सर सवयीने पुन्हा समोरच्यांनाच विचारतील अशी धास्ती होती. सोमवारी मॅडम येण्याआधी मी शाळेत पोचलो आणि तिसरीची पोरं स्वतः लावली. हुशार पुढे, वरच्या थराला; कच्ची मागे, खालच्या. फळ लावतात तशी सुबक. मॅडम आल्या, बघतच राहिल्या. काही बोलणार तोच डोंगरे सरांची मोटरसायकल थांबली.

आणि सर, मी शनिवारी सांगितलं होतं म्हणून, पुढच्या ओळीकडे न बघता थेट मागच्या बाकापाशी गेले.

"हं. तू वाच."

तीच बोटवाली पोरगी उठली. नाव पायल. पुस्तक धरलं, ओठ हलले, आवाज आला नाही. शेजारचा बैल पाहणारा म्हणाला, "सर, तिथून बैल नाही दिसत." सर्वांत हुशार पोरं पुढच्या ओळीत हात वर करून तडफडत होती आणि मी खिडकीशी उभा राहून माझ्याच अक्कलहुशारीकडे पाहत होतो.

सर खिशातून पेन काढत होते. मेश्राम मॅडम पुढे झाल्या. माझ्याकडे एकदाच पाहिलं, ते मला पुरलं. त्यांनी पायलचा हात धरून तिला पुढच्या बाकावर, तिच्या नेहमीच्या जागी आणून बसवलं. "आता विचारा सर. आणि घाई नका करू."

पायलने बोट ठेवलं. एक अक्षर, मग दुसरं. एक शब्द उलटा गेला, तिने तो स्वतःच सुलटा केला. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते. सगळा वर्ग तिच्याबरोबर ओठ हलवत होता. वाक्य संपलं तेव्हा तिने वर पाहिलं.

"मागच्या तपासणीत इले अक्षर येत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आता वाक्य येते. हे कुठं लिहिता?"

"याचा रकाना नाही, मॅडम. वाचता येते का नाही, तेवढंच आहे." डोंगरे सर खाली बसले, पायलच्या उंचीला. "पहिली-दुसरी कुठं शिकली, बेटा?"

पायलने दाराबाहेर, हायवेकडे बोट केलं. "त्या शाळेत."

"मंग इथं काहून आली?"

"तिथले सर म्हणे, तुह्यानं होत नाही. तुमच्या गावातल्या शाळेत जा."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मागच्या बाकांवरच्या आणखी तीन-चार पोरांच्या डोक्यांवर हात ठेवला. रिकाम्या बाकांवरची पोरं कुठे गेली ते मला कळलं. तेच ते जुनं वाक्य, तीच ती शाळा. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तसंच मिटलं. पोरगी बोट ठेवून पुढचं वाक्य शोधत होती.

"शाळा जोडली तर ही पोट्टी पुन्हा तिथंच जाईन," डोंगरे सर स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले.

श्रेणी क-च राहिली. बेरीज बेरीज असते, असं ते म्हणाले. पण जोडणीच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं: 'एक साल थांबावे.' मी दोन सालांसाठी घासाघीस केली. एकच मिळालं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. रामदासच्या शाळेपाशी बस जराशी थांबली. भिंतीवरचा 'अ' तसाच चमकत होता, हार मात्र सुकला होता. आमच्या शाळेलाही नियमाप्रमाणे आपलं अक्षर भिंतीवर लिहावं लागतं. मॅडम म्हणाल्या होत्या की रंगाला माणूस लावायची गरज नाही, 'क' पायलच काढणार आहे. ते अक्षर तिला आता पक्कं येतं.