लंकाबाईच्या वस्तीवरून जाणारा टँकर

वैजनाथ एकवीस वर्षं पाण्याचा टँकर चालवतोय. तिसगावच्या भागात उन्हाळा लागला की तो रोज तीन खेपा करतो. टँकर भरायचा, ठरलेल्या गावच्या विहिरीत सोडायचा, परत फिरायचं. पूर्वी वाटेत कुणी हात केला की थांबून हंडा-दोन हंडे द्यायचा. पण तेव्हा न झालेल्या खेपाही कागदावर चढायच्या, म्हणून टँकरला जीपीएसची पेटी बसली.

पेटी बसवायला आलेल्या चेतनला त्याने विचारलं होतं, वरून आपला टँकर दिसतो का. चेतनने समजावलं, दिसत नाही. उपग्रह फक्त स्वतःची जागा आणि वेळ सांगत राहतात. तो संदेश खाली यायला किती वेळ लागला, त्यावरून पेटी अंतर काढते. चार उपग्रहांपासूनची अंतरं जुळली की आपण कुठं आहोत ते तिला कळतं, आणि आतल्या सिमकार्डातून ती ते ऑफिसला कळवते.

"म्हंजी चुगली ही पेटीच करती," वैजनाथ म्हणाला होता.

यंदा त्याच्या वाटेवरच्या एका वस्तीचा हातपंप होळीआधीच कोरडा पडला. नऊ घरं. गावची विहीर तिथून अडीच किलोमीटर. गुडघ्याने अधू झालेली लंकाबाई दोन नातवंडांना घेऊन तिथे राहते. मुलगा-सून ऊसतोडीवरून परतायची होती. ती रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर उभी दिसली आणि वैजनाथ थांबला. अकरा मिनिटं.

दुपारीच ठेकेदाराच्या सुपरवायझरने, आदिनाथने, त्याला बोलावून स्क्रीन दाखवली. टँकरची रेघ, आणि वस्तीपाशी लाल ठिपका. आदिनाथ माणूस वाईट नव्हता.

"मला काय कळत न्हाई व्हय? पन ही रेघ वरचेबी बघत्यात. परत थांबलास तर टँकरच बंद करतील. मंग गावालाबी पानी न्हाई."

वैजनाथने वस्तीवरच्या लोकांच्या सह्या-अंगठे घेऊन थांबा मागणारा अर्ज तालुक्याच्या कचेरीत दिला. उत्तर आलं की नकाशात वस्ती गावाच्याच हद्दीत आहे आणि गावाला टँकर चालू आहे.

हे सांगायला तो वस्तीपाशी इंजिन चालू ठेवूनच मिनिटभर थांबला. लंकाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"आभाळातून त्येंला टँकर दिसतो," ती म्हणाली, "मंग आमी कसं दिसत न्हाई?"

वरून कुणीच बघत नाही, हे तिला काय सांगणार? तो निघून गेला.

मग तो घरून दोन कॅन भरून केबिनमध्ये ठेवू लागला. वस्तीपाशी गाडी हळू करायची, कॅन खाली सोडायचे, परतताना रिकामे उचलायचे. एवढ्यावर आदिनाथ काही बोलला नाही. पण चाळीस लिटर पाणी नऊ घरांना कसं पुरणार? चौथ्या दिवशी दोन बायांची झोंबाझोंबी झाली, कॅन कलंडला आणि पाणी डांबरावर गेलं.

"नगं आनू लेकरा," लंकाबाई त्याला म्हणाली. "वस्तीत कुनी कुनाशी बोलंना झालंय."

तेव्हापासून रस्त्यावर कुणी उभं राहत नाही. वस्तीवरची माणसं सकाळीच विहिरीकडे निघतात. लंकाबाईही लहान कळशी घेऊन सगळ्यांच्या मागून जाते. वैजनाथ भरला टँकर घेऊन त्यांच्या शेजारून पुढे जातो आणि त्याच विहिरीत पाणी सोडतो. परतीला तीच माणसं डोक्यावर हंडे घेऊन वस्तीकडे चालताना पुढे दिसतात. गाडी थांबवून त्यांना वस्तीपर्यंत सोडावं असं रोज मनात येतं. पण तेवढंही रेघेत उमटेल. तो काच वर करतो, धूळ त्यांच्या अंगावर उडू नये म्हणून गाडी अगदी हळू घेतो, आणि पुढची खेप भरायला जातो.