ती म्हणा, साहेब

धाराशिवच्या कोर्टासमोर बांगड्या विकणारी ती तृतीयपंथी बाई प्रत्येकीला "दुखलं का गं?" विचारत बांगडी चढवते. मी वकील. शोकसभेत बोलायची मला भारी हौस. मयत ओळखीचं नसलं तरी चालतं. तिच्या मैत्रिणीला, राणीला, नळदुर्गजवळ टोळक्यानं मारून टाकलं, तेव्हा सभेत मीच पहिला उठलो.

"तो बिचारा..."

"ती म्हणा, साहेब." बाईनं माईक घेतला. "जित्ती असताना कुणी म्हणलं न्हाय. अन् मेणबत्त्या पुरे. तक्रार द्यायला माझ्यासंगं कोण येतंय?"

मी हळूच मागं सरकलो, तर तिनं माझी बाहीच धरली.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "मयताचं कोण?"

"भैन," ती म्हणाली.

"अन् तुम्ही?"

"तिचा वकील," मी म्हणालो.